कोलकात्यात एक दिवस, एकट्याने: हावड्याला उतरल्यापासून परतीच्या बोटीपर्यंत

पहिल्यांदा कोलकात्याला गेले तेव्हा स्टेशनबाहेर एका गाडीवाल्याने हातात रंगीत कागद ठेवला. त्यावर अकरा ठिकाणं छापलेली. दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट, व्हिक्टोरिया, सायन्स सिटी आणि आणखी काय काय. दिवसाचे पैसे ठरले, मी गाडीत बसले. संध्याकाळी हिशेब केला तर बहुतेक ठिकाणं काचेतून बघितलेली, तीन ठिकाणी दारावर कुलूप आणि उरलेला दिवस सिग्नलला. कुलूप का, तर त्या दिवशी सोमवार होता. हे त्या कागदावर कुठेच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्यांदा ऑफिसच्या कामासाठी गेले तेव्हा एक दिवस मोकळा मिळाला. गाडी केली नाही. चालत, मेट्रोने आणि बोटीने फिरले, आणि शहर एकदम वेगळंच निघालं. त्यानंतरही जाणं झालं, चुका दुरुस्त होत गेल्या. खाली लिहिते आहे तो दिवस असा घासूनपुसून तयार झालेला आहे.

आराखडा सोपा आहे. पहाटे हावडा पूल चालत ओलांडायचा, नदीकाठाने उत्तरेला मूर्तिकारांच्या वस्तीत जायचं, तिथून मेट्रोच्या एकाच मार्गावर टप्प्याटप्प्याने दक्षिणेला सरकत शहराच्या मधल्या मोठ्या मोकळ्या जागेपर्यंत, म्हणजे 'मैदाना'पर्यंत यायचं आणि संध्याकाळी बोटीने परत हावड्याला. दक्षिणेश्वर, बेलूर आणि कालीघाट यात मुद्दाम घेतलेले नाहीत. देवदर्शन करायचं असेल तर त्याला वेगळा दिवस काढा. एका दिवसात दोन्ही बसवायला गेलात की माझ्यासारखी अकरा ठिकाणांची गत होते.

## १. आधी वार बघा, मग तिकीट काढा

सोमवारी इंडियन म्युझियम बंद, व्हिक्टोरिया मेमोरियलची आतली दालनं बंद, रवींद्रनाथांचं जोडासांकोचं घरही बंद. रविवारी ही सगळी उघडी असतात, पण कॉलेज स्ट्रीटची बहुतेक पुस्तकांची दुकानं बंद असतात आणि मेट्रोही नेहमीपेक्षा बरीच उशिरा सुरू होते. म्हणून मंगळवार ते शनिवार यांतला एखादा दिवस धरा.

हवा म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव जातो. आम्हा नागपूरकरांना ऊन नवं नाही, पण तिथला दमटपणा वेगळाच असतो. पावसाळ्यात उत्तर कोलकात्याच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचतं. दुर्गापूजेचे चार-पाच दिवस बघण्यासारखे असतात खरे, पण त्या दिवसांत हा आराखडा चालणार नाही. रस्ते बंद, मेट्रोत पाय ठेवायला जागा नाही आणि शहर रात्रभर जागं.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. तिथे सूर्य आपल्याआधी उगवतो आणि आपल्याआधी मावळतो. घड्याळ एकच, पण कोलकाता इतकं पूर्वेला आहे की नागपूरच्या मानाने अर्ध्या तासाहून जास्त आणि मुंबईच्या मानाने सुमारे तासाभराचा फरक पडतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्य गेलेला असतो. 'साडेपाचला निवांत व्हिक्टोरियाच्या बागेत बसू' असं मुंबईच्या हिशेबाने ठरवाल तर अंधारात बसाल. म्हणून दिवस पहाटे सुरू करायचा.

## २. सोबत काय असावं

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ प्रत. फोनमधला फोटो सगळीकडे चालतोच असं नाही.
- रेल्वेचं तिकीट. परतीचंही वेगळं डाउनलोड करून ठेवा. क्लोकरूममध्ये तिकीट दाखवावं लागतं.
- बॅगेला कुलूप. हे विसरू नका, का ते पुढे येतंच.
- दहा-वीसच्या नोटा आणि नाणी. यूपीआय सगळीकडे चालतं, पण बोटीच्या खिडकीवर, बसमध्ये आणि चहाच्या टपरीवर सुट्टे दिले की काम पटकन होतं.
- मागे पट्टा असलेली, ओली झाली तरी चालेल अशी सँडल. पांढरे बूट घालून फुलांच्या बाजारात गेलात तर ते पुन्हा पांढरे होणार नाहीत.
- पॉवर बँक, पाण्याची बाटली, छोटी छत्री.
- रात्री राहणार असाल तर हॉटेलचं नाव-पत्ता कागदावर लिहिलेला. फोन बंद पडला की त्या कागदाची किंमत कळते.

## ३. स्टेशनचं नाव नीट वाचा

इथे पुष्कळ जण फसतात. आपल्याकडून, म्हणजे मुंबई-पुणे-नागपूरकडून जाणाऱ्या मुख्य गाड्या हावड्याला जातात. पण काही गाड्या शालिमार किंवा सांत्रागाछीला संपतात. ही दोन्ही स्टेशनं नदीच्या हावड्याकडच्या काठालाच आहेत, पण पुलापासून लांब. उत्तरेकडच्या बऱ्याच गाड्या सियालदहला येतात. आणि 'कोलकाता' नावाचं एक स्टेशन खरोखरच आहे, चितपूरला. नाव शहराचं असलं तरी ते शहराचं मुख्य स्टेशन नव्हे. तिकीट काढताना शेवटच्या स्टेशनचं नाव दोनदा वाचा, परतीच्या तिकिटावर तर तीनदा.

मुंबई-हावडा मेलसारखी पहाटे पोचणारी गाडी या दिवसाला सगळ्यात सोयीची. गीतांजली दुपारी पोचते, तिने गेलात तर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी फिरा. या मार्गावर गाडीला उशीर होऊ शकतो, तेव्हा त्याच संध्याकाळी परतीची गाडी असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

हावड्याचे दोन भाग आहेत, जुना आणि नवा. सतरा आणि त्यापुढचे प्लॅटफॉर्म नव्या भागात आहेत. एका भागातून दुसऱ्या भागात जायला बॅगेसकट पंधरा मिनिटं सहज जातात.

## ४. बॅग टाका, हात मोकळे करा

क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. माझ्या बॅगेची चेन तुटलेली होती. बाहेर जाऊन कुलूप-साखळी आणेपर्यंत अर्धा तास गेला आणि दर अर्थातच स्टेशनचा. पावतीचा लगेच फोटो काढून ठेवा आणि पावती पाकिटात नको, वेगळ्या कप्प्यात ठेवा. लॅपटॉप किंवा दागिने बॅगेत ठेवून जाऊ नका.

तोंड धुणं, कपडे बदलणं वगैरे प्रतीक्षालयातच उरका. पुढचे चार तास स्वच्छ बाथरूम मिळेल याची खात्री नाही. बायकांनी हे जास्तच लक्षात ठेवावं.

बाहेर पडल्यावर 'कुठे जायचं, कुठे जायचं' करत माणसं मागे लागतील. कुणाशी वाद घालू नका, बोर्ड बघत पुलाकडे निघा. खरंच टॅक्सी हवी असेल तर प्रीपेड बूथ आहे. शिवाय पश्चिम बंगाल सरकारचं 'यात्री साथी' नावाचं अॅप आहे, त्यावर पिवळी टॅक्सीही मिळते. जुन्या पिवळ्या अॅम्बॅसडर आता कमी होत चालल्या आहेत. बसायची हौस असेल तर दिसल्यावर भाडं आधी ठरवून छोटी फेरी मारून घ्या.

## ५. पूल चालत ओलांडा

हावडा पूल १९४३ साली खुला झाला. १९६५ पासून त्याचं अधिकृत नाव रवींद्र सेतू आहे, पण ते नाव बोलताना फारसं ऐकू येत नाही. सुमारे ७०५ मीटर लांबीच्या या पुलात नट-बोल्ट नाहीत, सगळी जोडणी रिवेटची, आणि नदीच्या पात्रात एकही खांब नाही. दोन्ही बाजूंना रुंद फुटपाथ आहेत. शहराकडे जाताना उजव्या हाताच्या फुटपाथने चाला. फुलांचा बाजार त्याच बाजूला खाली आहे.

पहाटे साडेपाच-सहाला या पुलावर डोक्यावर ओझी घेतलेली माणसं अक्षरशः धावत असतात. फुलांचे भारे, कोंबड्यांच्या पाट्या, भाजीची पोती. त्यांना थांबता येत नाही, तेव्हा आपण कडेला राहायचं. मधेच उभं राहून फोटो काढायला लागलात तर ओझेवाला ओरडेल आणि त्याच्या पाठोपाठ पोलीसही हटकेल. मनासारखा फोटो संध्याकाळी बोटीतून मिळणार आहे, आता फक्त बघा.

जाता जाता खांबांच्या बुडाशी लक्ष द्या. लोक पान खाऊन तिथे इतके थुंकत की पोलादाची झीज व्हायला लागली, म्हणून त्यावर फायबरग्लासची आवरणं बसवावी लागली. खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, गावाहून आलेल्या मला हे वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं होतं.

पूल संपता संपता खाली मल्लिक घाटाचा फुलबाजार दिसतो. आधी वरूनच पाच मिनिटं बघा. पिवळ्या आणि केशरी झेंडूच्या माळांचे दोरखंडासारखे वळे रचलेले असतात, मधून मधून कालीमातेसाठी लालभडक जास्वंद, कमळाच्या कळ्यांच्या जुड्या. कोलाघाट, पांशकुडा, राणाघाट अशा भागांतून फुलं पहाटेच्या गाड्यांनी येतात. मग जिन्याने खाली उतरा. बाजाराची वाट अरुंद आणि कायम ओली असते, पाकळ्यांचा चिखल झालेला. बॅग पुढे घ्या. विक्रेत्यांचा जवळून फोटो घ्यायचा असेल तर आधी नजरेने विचारा, बहुतेक जण मान हलवून होकार देतात. आठ वाजले की गर्दीचा जोर ओसरतो, म्हणूनच मी पहाटेचा इतका आग्रह धरते आहे.

घाटाच्या पायऱ्यांवर मातीच्या छोट्या पात्रातला चहा प्या. तिकडे त्या पात्राला 'भाँड' म्हणतात. नावावर जाऊ नका.

## ६. कुमोरटुली: चितारओळीची थोरली बहीण

मूर्तिकारांची ती वस्ती म्हणजे कुमोरटुली. फुलबाजारापासून नदीकाठाने उत्तरेला चालत पाऊण तास, नाहीतर टॅक्सीने दहा मिनिटं. पत्ता सांगताना 'शोभाबाजार, बनमाली सरकार स्ट्रीट' सांगा.

ज्यांनी पेणचे गणपतीचे कारखाने किंवा आमच्या नागपूरच्या महालातली चितारओळ बघितली आहे त्यांना इथे पाऊल टाकताच ओळखीचा वास येईल, ओल्या मातीचा. फरक असा की इथे अख्खी मूर्ती साच्यातून काढत नाहीत. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर गवताच्या पेंढ्या सुतळीने आवळून हात-पाय-धड आणि त्यावर मातीचे थर. डोकं नसलेली, गवताची दहा हातांची दुर्गा भिंतीला टेकून उभी असते. विसर्जनानंतर नदीतून ते सांगाडे काढून आणतात आणि पुढच्या वर्षी त्यावरच नवी मूर्ती उभी राहते.

पूजेच्या आधीचे दोन-तीन महिने इथे पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत सरस्वतीच्या मूर्तींची लगबग. इतर महिन्यांत काम कमी, पण कारागीर निवांत असतात आणि बोलतातही. ही राहती वस्ती आहे, कुणाच्या कारखान्यात न विचारता शिरू नका. काही ठिकाणी कॅमेऱ्याचे थोडे पैसे मागतात, आधी विचारून घ्या.

न्याहारी इथेच आसपास करा: कोचुरी आणि बटाट्याची भाजी, सोबत जिलबी. ही कोचुरी म्हणजे आपली शेगावची कचोरी नव्हे. पातळ, डाळीचं सारण भरलेली, पुरीच्या वळणाची. हिंगाची मिळाली तर तीच घ्या.

## ७. मेट्रो समजून घ्या

भारतातली पहिली मेट्रो इथलीच, २४ ऑक्टोबर १९८४ ची. तुमच्या दिवसाला लागतो तो निळा मार्ग, उत्तर-दक्षिण. ओळीने स्टेशनं अशी: शोभाबाजार सुतानुटी, गिरीश पार्क, महात्मा गांधी रोड, सेंट्रल, चांदनी चौक, एस्प्लॅनेड, पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन. एवढी कागदावर लिहून ठेवा, दिवस निभावतो. भाडं पाच रुपयांपासून सुरू होतं. उलट दिशेच्या गाडीवर 'दक्षिणेश्वर' लिहिलेलं असेल, त्यात बसू नका.

एस्प्लॅनेडला बसवाले 'धर्मोतला' म्हणून ओरडतात. पार्क स्ट्रीट आणि मदर तेरेसा सरणी हा एकच रस्ता, चौरंगी आणि जवाहरलाल नेहरू रोड हाही एकच. नकाशात एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरं.

रिक्षाबद्दल इथेच सांगते. आपल्यासारखं हात करून, बसून, 'अमुक ठिकाणी चला' असं तिथे चालत नाही. तिथल्या रिक्षा ठरलेल्या मार्गावर, चार-पाच जण भरून धावतात. आपण त्या मार्गावर मधे उतरायचं. ई-रिक्षाला 'टोटो' म्हणतात. आणि काही एकेरी रस्त्यांची दिशा दुपारी उलटते, त्यामुळे सकाळी ज्या रस्त्याने बस आली त्याच रस्त्याने ती परत जाईल असं समजू नका. ट्रामचे मार्ग आता अगदी मोजके उरलेत. समोर आली तर चढा, पण तिच्या भरवशावर काही ठरवू नका.

## ८. जोडासांको

शोभाबाजारहून पुढचंच स्टेशन गिरीश पार्क, तिथून दहा मिनिटं चालत. सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही. आत फोटो काढू देत नाहीत, चपला बाहेर काढाव्या लागतात. रवींद्रनाथांचा जन्म (१८६१) आणि मृत्यू (१९४१) दोन्ही याच वाड्यातले.

मराठी माणसाला इथे अडकायला एक जागा आहे. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ आयसीएसमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या सनदी सेवेत, शिरलेले पहिले भारतीय, आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली, साताऱ्याला ते न्यायाधीश होते. विलायतेला जाण्याआधी, १८७८ साली, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत प्रार्थना समाजाच्या डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी इंग्रजी शिकायला राहिले होते. शिकवायला होती त्यांची मुलगी अन्नपूर्णा. तिला त्यांनी 'नलिनी' असं नाव दिलं होतं. हे माहीत असलं की त्या खोल्यांतले फोटो जरा वेगळे दिसतात.

जवळच मार्बल पॅलेस आहे. 'बाजूलाच आहे, जाऊन येऊ' असं म्हणून निघू नका. पर्यटन खात्याचा परवाना आधी काढावा लागतो, शिवाय सोमवार आणि गुरुवार बंद. मी फाटकावरून परत आले.

## ९. कॉलेज स्ट्रीट आणि दुपारचं जेवण

जोडासांकोहून रवींद्र सरणीने दक्षिणेला, महात्मा गांधी रोड लागला की डावीकडे. पंचवीस मिनिटं. ऊन असेल तर एक स्टेशन मेट्रोने या.

पुण्याचा अप्पा बळवंत चौक घ्या, तो दोन्ही फुटपाथवर किलोमीटरभर ताणा, म्हणजे कॉलेज स्ट्रीटचा अंदाज येईल. प्रेसिडेन्सी विद्यापीठाच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या टपऱ्या, त्यांत छतापर्यंत पुस्तकं. निवांत चाळत बसायला जागा नसते. दुकानदार 'काय हवं?' विचारतो आणि नाव सांगितलं की त्या ढिगातून तेवढंच पुस्तक ओढून काढतो. म्हणून दोन-तीन नावं मनात ठेवून जा. जुन्या पुस्तकांना घासाघीस चालते, नव्यांवर सवलत न मागताही मिळते. पुस्तक घेण्याआधी मधली पानं बघा. माझ्या एका पुस्तकात सोळा पानं दोनदा आली आहेत आणि त्यापुढची सोळा नाहीतच.

कॉफी हाउस समोरच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. एकटं गेलात तर भरलेल्या टेबलावरची रिकामी खुर्ची विचारून घ्यायची, तिथे तीच रीत आहे. 'इन्फ्यूजन' म्हणजे बिनदुधाची कॉफी. वेटर लवकर येणार नाही, उठवायलाही येणार नाही.

जेवण मात्र पाइस होटेलात करा. ही जुन्या पद्धतीची खानावळ. भात, डाळ, भाजी, मासा, सगळ्याचे दर वेगवेगळे. केळीच्या पानावर वाढतात आणि काही ठिकाणी त्या पानाचे पैसेही बिलात असतात. मासे खाणाऱ्याने रोहू किंवा मिळाली तर हिल्सा मागावी. हिल्साला काटे फार, मोबाइल बघत खाऊ नका. शाकाहारी असाल तर 'व्हेज' पेक्षा 'निरामिष' हा शब्द वापरा. तरी डाळीत माशाचं डोकं असू शकतं, स्पष्ट विचारा: 'माछ-मांशो खाई ना.' मोहरीच्या तेलाचा वास नाकात जातो, दोन घासांनंतर सवय होते.

याच जेवणाच्या टेबलावर समोरच्या आजोबांनी विचारलं, कुठून आलात? नागपूर म्हटल्यावर हसले. 'बर्गी!' मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं: १७४२ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचे बारगीर, म्हणजे घोडेस्वार (तेच 'बर्गी'), बंगालवर येऊ लागले, त्या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला 'मराठा खंदक' म्हणत. मराठे तिथवर पोचलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला, पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' आजही आहे. तिथल्या आया अजूनही बर्गी येईल म्हणून पोरांना झोपवतात. आपल्या शाळेच्या इतिहासात यातलं निम्मंच होतं. तेव्हा तुम्हाला कुणी 'बर्गी' म्हणालं तर चेष्टा समजा आणि मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, मागवा.

## १०. म्युझियम की व्हिक्टोरिया? एकच निवडा

दोन्ही आतून बघायला गेलात तर दोन्ही धावत बघाल. माझं मत म्युझियमला. १८१४ साली स्थापन झालेलं हे भारतातलं सर्वांत जुनं संग्रहालय, पार्क स्ट्रीट मेट्रोपासून जवळ. लोक इजिप्तच्या ममीसाठी रांग लावतात. तुम्ही आधी भरहुतच्या दालनात जा. मध्य प्रदेशातल्या स्तूपाचं लाल दगडाचं कुंपण आणि तोरण तिथे उभं आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. अजिंठा-कार्ले बघितलेल्या माणसाला त्या कोरीव कामात जुनी ओळख सापडेल. तीनच्या आत पोचा.

व्हिक्टोरिया मेमोरियल १९२१ मध्ये उघडलं. मकराण्याच्या संगमरवराचं, बाहेरूनच जास्त देखणं. बागेचं तिकीट वेगळं मिळतं, संध्याकाळच्या अर्ध्या तासाला तेवढं पुरतं.

म्युझियममागच्या न्यू मार्केटमध्ये जाणार असाल तर टोपली घेतलेले लोक 'मदत करतो' म्हणत सोबत चालू लागतील. ते नेतील त्या दुकानात त्यांचं कमिशन साडीच्या किमतीत धरलेलं असतं. 'लागबे ना' म्हणा, पुन्हा म्हणा आणि चालत राहा.

## ११. बोलताना

हिंदी बहुतेकांना समजते. तरी काही शब्द घ्या: 'कोतो?' म्हणजे किती, 'कोथाय?' म्हणजे कुठे, 'नामबो' म्हणजे उतरायचंय. पुरुषाला 'दादा', बाईला 'दीदी', वयस्कर बाईला 'माशीमा'. एखाद्या बाईला चुकूनही 'काकू' म्हणू नका. बंगालीत काकू म्हणजे काका. मी एका मिठाईवाल्या बाईंना म्हटलं, सगळं दुकान हसलं, पण एक संदेश (छेन्याची मिठाई) फुकट मिळाला. हिवाळ्यात गेलात तर खजुराच्या नव्या गुळाचाच संदेश मागा, 'नोलेन गूड'.

एकट्या बाईसाठी: बसमध्ये बायकांच्या जागा राखीव असतात, आणि बाई उतरत असेल तर कंडक्टर 'आस्ते, लेडीज!' म्हणून ड्रायव्हरला ओरडून गाडी थांबवतो. रस्ता चुकलात तर घाबरू नका, विचारलं की लोक थांबून सांगतात, कधी तर कोपऱ्यापर्यंत सोडतात. फक्त अंधार पडल्यावर मैदान मधून ओलांडू नका, दिव्यांच्या रस्त्याने जा.

## १२. परतीची बोट

संध्याकाळी बाबूघाटाला या. हातात वेळ असेल तर आधी टॅक्सीने प्रिन्सेप घाटाला उतरा आणि नदीकाठच्या वाटेने उत्तरेला चालत या, वाटेत झालमुडी (चुरमुऱ्यांची तिखट भेळ) घ्या. नावाडी नदीत फेरी मारायला बोलावतील, भाडं माणशी की बोटीचं हे ठरवल्याशिवाय पाय टाकू नका. हावड्याला जायला मात्र साधी सरकारी फेरीबोट पकडा. तिकीट अगदी किरकोळ आहे. शेवटची बोट किती वाजता ते खिडकीवर आधीच विचारा, रविवारी फेऱ्या कमी असतात. बोट चुकलीच तर एस्प्लॅनेडहून हिरव्या मार्गाची मेट्रो थेट हावड्याला जाते, हुगळी नदीच्या खालून. पाण्याखालचा ५२० मीटरचा तो पट्टा पाऊण मिनिटात संपतो.

बोटीत उजव्या कठड्याला उभं राहा, तिथून पूल समोर येत जातो. दिवे लागलेले असतात. सकाळी राहिलेला फोटो आता काढा.

हावड्याच्या घाटावर उतरलं की समोर स्टेशन. गाडीच्या आधी किमान तासभर पोचलेले असा, कारण संध्याकाळी क्लोकरूमला रांग लागते. आणि पावती कुठल्या कप्प्यात ठेवली होती ते बोटीतच आठवून घ्या.